नॉर्थ कॅरोलायनाच्या तांबड्या मातीत ठेंगणी हॉली : निवडीपासून छाटणीपर्यंत

रॅली, केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात घर घेतले की दर्शनी भिंतीलगत बिल्डरने लावलेली सात-आठ गोलसर, बारीक पानांची झुडपे घराबरोबरच पदरात पडतात. बहुतेकजण त्यांना सरसकट बॉक्सवूड म्हणतात. खात्री करायची असेल तर एक फांदी हातात धरून पाहावी : पाने समोरासमोर जोडीने आलेली असतील तर ते बॉक्सवूड, आणि एकाआड एक आलेली असतील तर ती बहुधा हॉली. हा फरक केवळ नावापुरता नाही. बॉक्सवूडची पाने आणि फांद्या झपाट्याने वाळवणारा ब्लाइट हा बुरशीजन्य रोग अमेरिकेत प्रथम २०११ मध्ये, कनेक्टिकट आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत आढळला, आणि तेव्हापासून तशाच दिसणाऱ्या पण त्या रोगाला बळी न पडणाऱ्या ठेंगण्या हॉलीकडे अनेक घरमालक वळले. हॉलीचे दुखणे मात्र वेगळे आहे, आणि ते पानांत नसून मुळांत आहे.

या भागात इतकी वर्षे बागकाम केल्यावर माझे मत असे झाले आहे की ठेंगणी हॉली पाण्याअभावी क्वचितच मरते. ती मरते मुळांशी पाणी साचल्यामुळे, वाजवीपेक्षा खोल लावल्यामुळे आणि चुकीची जात चुकीच्या कोपऱ्यात बसवल्यामुळे. मी स्वतः पहिल्या वर्षी गच्चीचे पाणी जिथे पन्हळीतून खाली पडते त्या कोपऱ्यात ‘हेलरी’ जातीची पाच झुडपे लावली होती, आणि त्यांना आपल्याकडच्या सवयीने छान खोलगट आळीही केली होती. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतली चार पिवळी पडून गेली. उपटून पाहिली तेव्हा मुळांची टोके कोळशासारखी काळी झालेली होती. त्यामुळे पुढील मजकुराचा निम्मा भाग खड्डा खणण्याआधीच्या कामांविषयी आहे, आणि वाचकांनी तो टाळून थेट लागवडीकडे जाऊ नये अशी विनंती आहे.

जात कोणती घ्यावी

हॉली म्हणजे आयलेक्स हा वंश. त्याच्या प्रजाती जगभर पसरलेल्या आहेत. निलगिरीच्या शोला जंगलांतही त्यांतल्या काही आढळतात, आणि दक्षिण अमेरिकेत ज्याच्या पानांपासून ‘येर्बा माते’ नावाचा चहा करतात तेही झाड याच वंशातले. घरापुढे लावण्याजोग्या ठेंगण्या जाती मात्र मुख्यतः चार प्रजातींतून आलेल्या आहेत, आणि या चौघींचे स्वभाव एकमेकींहून बरेच निराळे आहेत.

जपानी हॉली, म्हणजे आयलेक्स क्रेनाटा, ही सर्वांत नाजूक बांध्याची आणि बॉक्सवूडशी सर्वाधिक साम्य असणारी. हिची पाने नखाएवढी, फळे काळी आणि पानांआड लपलेली असतात. ‘सॉफ्ट टच’ ही जात सुमारे २ फूट उंच आणि ३ फूट रुंद होते, ‘हेलरी’ ३ ते ४ फूट उंचीची आणि त्याहून थोडी अधिक रुंद. दिसायला या सुरेख असल्या तरी काळ्या मूळकुजीला आणि वालुकामय जमिनीतील सूत्रकृमींना सर्वांत आधी बळी पडणाऱ्याही याच. उत्तम निचऱ्याची, थोडी सावलीची जागा असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

यॉपॉन हॉली ही आग्नेय अमेरिकेची भूमिकन्या. तिच्या ‘नाना’ आणि ‘शिलिंग्ज’ या ठेंगण्या जाती ३ ते ५ फुटांपर्यंत वाढतात. ‘शिलिंग्ज’ नर असल्याने तिला फळे येत नाहीत. ओल, कोरड, ऊन, सावली, समुद्राचा खारा वारा, यांपैकी कशालाही ही फारशी जुमानत नाही, आणि मूळकुजीला चांगली प्रतिकारक आहे. नवशिक्याने डोळे झाकून घ्यावी अशी एकच जात सांगायची झाली तर मी ठेंगण्या यॉपॉनचे नाव घेईन. तिच्या पानांत कॅफिन असते आणि इथले मूळ रहिवासी त्या पानांचे पेय करीत असत. त्या विधीत होणाऱ्या वांत्यांमुळे युरोपीयांनी तिचे शास्त्रीय नाव ‘व्होमिटोरिया’ ठेवले, परंतु वनस्पतीच्या अंगी तो गुण नाही. म्हणून कोणी रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या, कीटकनाशक मारलेल्या झुडपाची पाने उकळून चहा करू नये, एवढे आवर्जून सांगतो.

इंकबेरी, म्हणजे आयलेक्स ग्लाब्रा, हीसुद्धा इथलीच. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडापर्यंत ती रानात आढळते. दलदलीच्या कडेला वाढण्याची सवय असल्याने थोडी पाणथळ जागा तिला चालते. ‘शॅमरॉक’ ही जात ३ ते ५ फूट, ‘जेम बॉक्स’ २ ते ३ फूट वाढते. तिचा एक दोष म्हणजे वय झाले की ती बुडाशी उघडी पडते, पाने वरच्या भागातच उरतात. म्हणून तिच्यापुढे आणखी बुटके काहीतरी लावावे लागते. वसंताच्या अखेरीस येणारी तिची फुले मधमाश्यांना फार आवडतात, आणि आग्नेय राज्यांत गॅलबेरी या नावाने विकला जाणारा मध याच झुडपाचा.

चौथी चिनी हॉली. ‘कॅरिसा’च्या पानाला टोकाशी एकच काटा असतो आणि ती ३ ते ४ फूट उंच वाढते, ‘रोटुंडा’च्या पानाला सर्व बाजूंनी काटे असतात. ‘ड्वार्फ बरफोर्ड’ ही नावाने ठेंगणी असली तरी ६ ते ८ फुटांची मजल सहज मारते, हे न कळल्यामुळे कित्येकांच्या खिडक्या झाकल्या गेल्या आहेत. उष्णता, चिकणमाती आणि मूळकूज यांपुढे चिनी हॉली कणखर ठरते, आणि काट्यांमुळे हरणेही तिच्याकडे कमी फिरकतात. मात्र लहान मुले जिथून धावत जातात त्या वाटेवर ‘रोटुंडा’ लावू नये.

लाल फळे हवी असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हॉलीची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, फळ फक्त मादीला धरते आणि त्यासाठी त्याच सुमारास फुलणारा नर जवळपास असावा लागतो. चार-पाच मादी झुडपांना एक नर पुरेसा होतो. बरफोर्ड हा या नियमाला अपवाद. तो परागणाशिवायही फळतो. ही फळे पक्ष्यांसाठी खाद्य असली तरी माणसांसाठी आणि कुत्र्यांसाठी नाहीत. त्यांतील सॅपोनिनमुळे उलट्या आणि जुलाब होतात, तेव्हा घरात रांगते मूल असेल तर ‘शिलिंग्ज’सारखी फळ न येणारी जात बरी.

हे सारे रॅली आणि आसपासच्या भागाला, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याच्या (यूएसडीएच्या) हिवाळ्यातील किमान तापमानावर आधारलेल्या २०२३ च्या नकाशातील ८-ए विभागाला धरून लिहिले आहे. शिकागोसारख्या अधिक थंड भागांतील वाचकांनी यॉपॉन आणि चिनी हॉलीच्या मागे लागू नये, कारण त्या ७ व्या विभागाच्या उत्तरेस टिकत नाहीत. तिकडे इंकबेरी किंवा निळी हॉली योग्य. ही निळी हॉली म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कॅथलीन मेझर्व्ह या गृहिणीने १९५० च्या दशकात संकर करून घडवलेला प्रकार. डॅलसच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत जपानी हॉली आणि इंकबेरी पिवळ्या पडतात, यॉपॉन मात्र तग धरते. पुणे-नाशिककडे यांतले काहीच लावण्याच्या फंदात पडू नये. तिथे कुंपणाला कामिनी आणि मेंदी आहेतच.

जागेचे माप

झुडूप विकत घेताना ते एवढेसे दिसते आणि मग मन मोठे करून आपण दीड-दीड फुटावर लावून टाकतो. पाच वर्षांनी त्याची एक अखंड भिंत होते, आतली हवा कोंडते, आणि दर महिन्याला कातरी चालवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लेबलवर लिहिलेली पूर्ण वाढीची रुंदी हेच दोन झुडपांच्या मध्यांतील अंतर मानावे. सलग ओळ हवी असेल तर फार तर त्यातून अर्धा फूट कमी करावा. भिंतीपासूनचे अंतर म्हणजे त्या रुंदीचा निम्मा भाग अधिक १ फूट.

उदाहरणादाखल, दर्शनी खिडक्यांखाली २० फूट लांबीचा पट्टा आहे आणि खिडकीची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे असे समजू. इथे उंची ३ फुटांवर आणि रुंदी ४ फुटांवर थांबणारी जात हवी. दोन्ही टोकांना २-२ फूट सोडून दर ४ फुटांवर एक, अशी पाचच झुडपे या पट्ट्याला पुरतात, आणि प्रत्येकाचा मध्य भिंतीपासून ३ फुटांवर येतो. पहिली दोन वर्षे पट्टा विरळ दिसेल. शेजारी विचारतील. त्या मोकळ्या जागेत झेंडू किंवा पॅन्सी लावाव्यात, पण सहावे झुडूप आणू नये.

वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीभोवती किमान २ फूट जागा मोकळी ठेवावी, आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा जिथून बाहेर पडते त्याच्या समोर काहीही लावू नये. घराच्या संघटनेचे, म्हणजे एचओएचे, नियम असतील तर दर्शनी भागातील बदलांना आधी लेखी मंजुरी घ्यावी. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणे आवश्यक आहे. नॉर्थ कॅरोलायनात किमान तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावे लागते, आणि मग जमिनीखालील गॅस, वीज व इंटरनेटच्या वाहिन्यांवर कोणताही मोबदला न घेता रंगाच्या खुणा करून दिल्या जातात. इंटरनेटची तार बहुधा अगदी वरवर, फावड्याच्या पहिल्याच घावात तुटेल इतकी उथळ असते.

निचरा आणि सामू

आता मुख्य परीक्षा. ठरलेल्या जागी १ फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा आणि पूर्ण मुरू द्यावा. पुन्हा भरावा, आणि या दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाभरात किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला १ इंच किंवा त्याहून अधिक उतरली तर कोणतीही हॉली चालेल. त्याहून कमी असेल तर जपानी हॉलीचा विचार सोडून द्यावा, जागा उंचावून यॉपॉन लावावी किंवा इंकबेरी निवडावी. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले तर आधी पन्हळीच्या पाण्याला नळी जोडून ते दूर न्यावे आणि मग झुडपाकडे वळावे.

मातीचा सामू (पीएच) ५ ते ६.५ या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी असावा. इथली तांबडी चिकणमाती मुळात आम्लधर्मीच असते, परंतु घराच्या पायालगतची माती तशी राहिलेली नसते. बांधकामाच्या वेळी पडलेले सिमेंट आणि मॉर्टरचे तुकडे तिथेच गाडलेले असतात, शिवाय फेस्क्यू गवतासाठी दरवर्षी टाकलेला चुना उडून झुडपांच्या वाफ्यात येतो. सामू चढला की जमिनीत लोह असूनही झुडपाला ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा अंदाजाने काही टाकण्याऐवजी माती तपासून घ्यावी. आपल्या काउंटीच्या, शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या सहकारी विस्तार केंद्रातून (कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन) त्यासाठीचे खोके मिळते, आणि राज्याच्या कृषी विभागाची प्रयोगशाळा एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रहिवाशांकडून तपासणीचे शुल्क घेत नाही. गवताची माती आणि वाफ्याची माती वेगवेगळ्या खोक्यांत द्यावी, आणि गवताची देखभाल बाहेरच्या माणसाकडे सोपवलेली असेल तर त्याला वाफ्याजवळ चुना न फेकण्याविषयी स्पष्ट सांगावे.

माती सुधारायची ती पूर्ण वाफ्याची. एकेका खड्ड्याची नव्हे. चिकणमातीत खड्डा खणून त्यात तेवढेच भुसभुशीत खत भरले तर त्याचे जमिनीत पुरलेले भांडे तयार होते. आजूबाजूचे पाणी त्यात उतरते, पण बाहेर पडत नाही. माझ्या पाच हेलरींची गत हीच झाली होती. म्हणून संपूर्ण पट्ट्यावर पाइनच्या सालीच्या बारीक चुऱ्याचा ३ इंचांचा थर पसरावा आणि तो ८ ते १० इंच खोलीपर्यंत मातीत मिसळावा. २० फूट लांब आणि ५ फूट रुंद वाफ्याला यासाठी सुमारे २५ घनफूट, म्हणजे जवळजवळ १ घनयार्ड चुरा लागतो. वाफा आपोआप काही इंच उंचावतो, आणि तेच हवे आहे. चिकणमातीत वाळू मात्र मिसळू नये, त्याचे मिश्रण वाळल्यावर विटेसारखे घट्ट होते. खड्ड्याच्या तळाशी खडी घालण्याची पद्धतही निरुपयोगी आहे, कारण बारीक मातीतले पाणी पूर्ण संपृक्त झाल्याशिवाय खडीत उतरत नाही आणि तोवर मुळे त्या पाण्यात उभी असतात.

लावायचे केव्हा

रोपवाटिका एप्रिलमध्ये गजबजतात, आणि आपलीही हौस तेव्हाच उसळी घेते. तरीही लागवड दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. हवा थंडावलेली असते, माती उबदार असते, वरची वाढ थांबलेली असल्याने झुडपाची सगळी शक्ती मुळांकडे जाते, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत सहा-सात महिने मिळतात. याखेरीज एक घरगुती कारण आहे. शाळांना सुट्टी लागली की जून-जुलैमध्ये आपण चार-पाच आठवडे भारतात जातो, आणि नेमके तेच आठवडे एप्रिलमध्ये लावलेल्या झुडपाच्या जिवावरचे असतात. शेजाऱ्याच्या मुलाला पाणी घालायला सांगितले तर तो पहिला आठवडा नियमाने घालतो.

रोप पारखून घेणे

तीन गॅलनच्या कुंडीतील रोप घरगुती लागवडीला सर्वांत सोयीचे; त्याहून मोठे घेतल्याने फारसा वेळ वाचत नाही. पाने पाहण्याआधी मुळे पाहावीत. कुंडी आडवी करून बाजूंनी दाबावी आणि रोप हलकेच बाहेर ओढावे. पांढरी, ताजी टोके असलेली मुळे दिसली तर उत्तम. काळी टोके, कुजकट वास, किंवा हात लावताच सालीसारखी निसटणारी मुळे दिसली तर ते रोप कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे, कारण मूळकुजीची बुरशी रोपाबरोबर आपल्या मातीत येते आणि मग वर्षानुवर्षे तिथेच राहते. कुंडीच्या पृष्ठभागावर हिरवे शेवाळ माजले असेल तर रोपाला सतत जास्त पाणी मिळाले आहे असे समजावे. शेवटी पाने उलटून खालच्या बाजूला खवले किंवा जाळी आहे का, ते पाहावे.

प्रत्यक्ष लागवड

आदल्या संध्याकाळी कुंडीत भरपूर पाणी द्यावे. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे कुंडीतून निघणाऱ्या माती-मुळांच्या गोळ्याच्या, दोन ते तीन पट रुंद, पण खोलीला हुंडीपेक्षा जरासुद्धा अधिक नको. उलट चिकणमातीत हुंडीचा माथा भोवतालच्या जमिनीपेक्षा १ ते २ इंच वर राहील इतकाच खणावा. तळाची माती मोकळी करू नये, नाहीतर ती पुढे दबते आणि झुडूप खाली खचते. फावड्याने गुळगुळीत झालेल्या खड्ड्याच्या कडा मात्र कुदळीच्या टोकाने खरवडून घ्याव्यात, कारण चिकणमातीच्या चकचकीत कडेतून कोवळे मूळ आत शिरू शकत नाही.

कुंडीत गोल गोल फिरलेली मुळे तशीच लावली तर जमिनीतही ती गोलच फिरत राहतात. धारदार सुरीने हुंडीला चारही बाजूंनी वरून खाली अर्धा ते एक इंच खोल चिरा द्याव्यात आणि तळाशी जमलेला मुळांचा जाड चकला कापून टाकावा. पहिल्यांदा हे करताना हात धजत नाही, परंतु हॉली हे सहज सोसते.

रोप खड्ड्यात सरळ ठेवून, दोन पावले मागे जाऊन त्याची चांगली बाजू वाटेकडे वळवावी आणि खणलेलीच माती परत लोटावी. निम्मा खड्डा भरल्यावर पाणी सोडून माती बसू द्यावी, मग उरलेली माती भरावी. पायाने तुडवू नये. हुंडीच्या माथ्यावर माती टाकू नये, फक्त कडेने उतार द्यावा. आपल्याकडे झाडाभोवती आळे करतात ते मुरमाड, उन्हाने तापणाऱ्या जमिनीत योग्यच आहे. इथे वर्षाला सुमारे ४६ इंच पाऊस बाराही महिन्यांत विखरून पडतो आणि खाली चिकणमाती असते, त्यामुळे खोलगट आळे म्हणजे डबके. लागवडीच्या वेळी खतही टाकू नये.

वर २ ते ३ इंच जाडीचे आच्छादन पसरावे. पाइनच्या वाळलेल्या सुया इथे गठ्ठ्यांनी मिळतात, उतारावरून वाहून जात नाहीत आणि दिसतातही नीटनेटक्या. लाकडाचा चुरा वापरायचा असेल तर वर सांगितलेल्या वाफ्याला २ घनफुटांच्या सुमारे बारा पिशव्या लागतील. खोडाभोवती चार बोटे आणि घराच्या भिंतीपासून ६ इंच जागा उघडी ठेवावी. पहिली मोकळीक खोड कुजू नये म्हणून, दुसरी घराला वाळवी लागू नये म्हणून.

पाणी

कुंडीतील मिश्रण बहुतांशी सालीचे असते आणि ते भराभर वाळते, तर भोवतालची चिकणमाती ओली राहते. परिणामी वाफा ओला दिसत असूनही हुंडी आतून कोरडी पडलेली असू शकते, आणि नेमके उलटही घडते. म्हणून बोट दोन ठिकाणी खुपसावे, एकदा हुंडीत आणि एकदा तिच्या बाहेरच्या मातीत. हुंडीत दोन इंचांवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

तीन गॅलनच्या रोपाला एका वेळी सुमारे १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी पुरते, आणि ते हुंडीवरच सावकाश ओतावे. पहिले दोन आठवडे दिवसाआड, पुढचे दोन-अडीच महिने तीन-चार दिवसांनी, आणि त्यानंतर पहिला उन्हाळा संपेपर्यंत पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा, हा ढोबळ क्रम धरावा. तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याची सवय हॉलीवर चालवू नये. गवतासाठी बसवलेल्या तुषार सिंचनाची धार वाफ्यात येत असेल तर त्या तोट्या वळवून घ्याव्यात. प्रवासाला जाण्यापूर्वी ठिबक नळी आणि नळावर बसणारा टायमर लावून किमान आठवडाभर स्वतः घरी असताना त्याची चाचणी घ्यावी.

खताविषयी फार सांगण्यासारखे नाही. पहिले वर्ष काही घालू नये. पुढे माती तपासणीने सुचवले तर मार्चमध्ये हळूहळू विरघळणारे खत द्यावे, आणि ऑगस्टनंतर कधीही देऊ नये, कारण त्याने फुटलेली कोवळी पालवी पहिल्याच कडाक्यात करपते.

पिवळी पाने, काळी मुळे, पांढरे ठिपके

सदाहरित म्हणजे पाने गळतच नाहीत असे नव्हे. वसंतात नवी पालवी येताना हॉलीची आतल्या भागातील जुनी पाने पिवळी होऊन गळतात, आणि ते पाहून दरवर्षी कोणी ना कोणी घाबरून खत ओतते. टोकाची पाने निरोगी असतील तर काही करू नये. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर सामू तपासावा. पूर्ण झुडूप खुरटून, फिकट होऊन एकेक फांदी वाळत असेल तर मुळे पाहावीत.

काळी मूळकूज निघाली तर त्यावर घरगुती उपाय नाही. झुडूप हुंडीसकट उपटून कचऱ्यात द्यावे, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या जागी पुन्हा जपानी हॉली लावू नये. यॉपॉन किंवा चिनी हॉली तिथे जगते. निदानाविषयी शंका असेल तर काउंटीच्या विस्तार केंद्रामार्फत रॅलीतील राज्य विद्यापीठाच्या रोग-कीड निदान केंद्राकडे अल्प शुल्कात नमुना पाठवता येतो. नमुन्यात पानांबरोबर मुळे आणि माती असावी, नुसत्या वाळक्या पानांवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

किडींत दक्षिणी लाल कोळी ही जपानी हॉलीची मुख्य डोकेदुखी. बहुतेक कोळी कडक उन्हाळ्यात बोकाळतात, हा मात्र वसंतात आणि शरदात, थंड हवेत. पाने राखाडी-तपकिरी दिसू लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी; कागदावर सरपटणारे लालसर ठिपके दिसले तर निदान झाले. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारल्यास सुरुवातीचा प्रादुर्भाव आटोक्यात येतो. चिनी हॉलीवर चहावरील खवले कीड पानांच्या खाली असते आणि वरून पिवळे डाग दिसतात. फांद्यांना चिकटलेले पांढऱ्या मेणाचे थेंब दिसले तर ती मेणी खवले कीड. थोडी असेल तर नखाने खरवडून काढणे हाच सर्वांत चांगला उपाय. जास्त असल्यास बागेसाठीचे फवारणीचे तेल हिवाळ्याच्या अखेरीस लेबलवरील प्रमाणात, कडाक्याची थंडी नसेल असा दिवस पाहून फवारावे. सरसकट कीटकनाशक मारल्यास कोळ्यांना खाणारे मित्रकीटकच आधी मरतात.

छाटणी

आपल्याकडची मेंदीची किंवा दुरंताची कुंपणे पंधरवड्याला कातरली तरी पुन्हा तरारून येतात. हॉली संथ वाढते, आणि तिला सतत विजेच्या कातरीने गोल करीत राहिल्यास बाहेर पानांचे जाड कवच आणि आत नुसत्या वाळक्या काड्या अशी स्थिती होते. जात योग्य निवडली असेल तर वर्षातून एकच छाटणी पुरते. ती महाशिवरात्रीच्या सुमारास, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पालवी फुटण्यापूर्वी करावी. साधा सिकेटर घेऊन बाहेर डोकावणारी फांदी धरावी, तिचा माग काढीत आत हात घालावा आणि जिथे ती दुसऱ्या फांदीला मिळते तिथे, पानांच्या आड कापावी. काप बाहेरून दिसत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून ऊन आत शिरते. सरळ कुंपणच हवे असेल तर त्याचा माथा बुडापेक्षा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळून त्या उघड्या पडत नाहीत. ऑगस्टच्या मध्यानंतर कातरी चालवू नये. नाताळच्या सजावटीसाठी डिसेंबरात चार-दोन डहाळ्या घेतल्यास मात्र काही बिघडत नाही.

आधीच्या मालकाने लावलेली, खिडकीवर चढलेली जुनी हॉली वाट्याला आली असेल तर ती लगेच उपटू नये. मुळे निरोगी असतील तर जुन्या लाकडावरूनही तिला फूट येते. सर्वांत जाड अशा एक तृतीयांश फांद्या पहिल्या वर्षी जमिनीपासून फूटभर उंचीवर कापाव्यात, पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, आणि तिसऱ्या वर्षी उरलेल्या. घाई असल्यास फेब्रुवारीच्या अखेरीस संपूर्ण झुडूप एकदम फूटभर ठेवून छाटता येते, पण मग त्या उन्हाळ्यात दर्शनी भागात खुंट दिसत राहतील आणि एचओएचे पत्र येण्याची शक्यता असते, म्हणून तसे करण्यापूर्वी त्यांना कळवून ठेवावे.